लेकरांचे जेवण : काल आणि आज

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी जुने लिहा’ असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी जरा घोटाळ्यात पडले. धरणाविषयी लिहावे तर माझ्यापेक्षा जाणती माणसे ते लिहितील. सणावारांविषयी दर वर्षी कोणी ना कोणी लिहितेच. मग मी काय लिहावयाचे? असा विचार चालू असतानाच पुण्याहून आलेल्या माझ्या पणतवाचे जेवण सुरू झाले आणि विषय आपण होऊन समोर येऊन बसला.

पोर चार वर्षांचे. त्याच्या आईच्या एका हातात ताटली, दुसऱ्या हातात मोबाईल. चित्र हलले की त्याचे तोंड उघडे, चित्र थांबले की मिटे. पाऊण तासात अर्धी पोळी पोटात गेली आणि ती बिचारी मुलगी घामाघूम झाली. शेवटी ताटली खाली ठेवून ती मला म्हणाली, “आजी, तुमच्या वेळी मुले अशी छळत नसतील ना?”

मी ‘नाही गं बाई’ असे म्हणणारच होते. आम्हां म्हाताऱ्यांना तसे म्हणावयाची सवयच असते. आमच्या वेळी मुले मुकाट्याने जेवत, ताटात पडेल ते खात, हे वाक्य आमच्या जिभेवर तयारच असते. परंतु त्या मुलीचे दमलेले तोंड पाहून मला खोटे बोलवेना. म्हणून जे खरे ते येथे लिहिते.

पूर्वीची मुले मुकाट्याने जेवत होती, ही गोष्ट खरी नव्हे. पुरावा दूर शोधावयास नको, आपल्या बोलण्यातच तो आहे. मुले मुकाट्याने जेवत असती तर एक घास चिऊचा आणि एक काऊचा म्हणून पाखरांना साक्षीला बोलावण्याची पाळी आपल्या आज्यांवर का आली असती? आकाशातल्या चांदोबाला अंगणात का उतरवावे लागले असते? ‘तोंड वेंगाडणे’, ‘ताटावरून उठणे’, ‘अन्नाला नावे ठेवणे’, ‘घास तोंडात धरून बसणे’ हे शब्द काही काल-परवाचे नव्हेत. ज्या घरात शब्द असतो त्या घरात ती वस्तूही असतेच. मूल ‘नको’ म्हणते ही गोष्ट फार जुनी आहे. बदलत गेले ते त्याच्या ताटातले अन्न, आणि त्या ताटाभोवती बसणारी माणसे. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. माझेही नव्हते. ते कसे गेले, हीच ह्या लेखाची हकीकत आहे.

आधी थोडे माझ्या सासूबाईंच्या काळाविषयी सांगते. आपला हा परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षीच्या 17 सप्टेंबरला ते राज्य संपले. सासूबाई त्याआधीच्या दिवसांच्या गोष्टी सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकार लेव्हीचे धान्य घेई, म्हणून घरोघरी ज्वारी पेवात जपून ठेवीत. पेव म्हणजे जमिनीतले खोल कोठार, हे नव्या मुलींना सांगावयास हवे. वर्ष-दोन वर्षे मुरलेल्या ह्या ज्वारीला एक उबट वास येई. त्या पिठाची भाकरी मुले हुंगत आणि ताट सरकवीत. मग सासूबाई काय करीत? कधी भाकरी ताकात कुस्करून काला करीत, कधी कण्या शिजवीत, कधी वर गुळाचा खडा ठेवीत, आणि इतके करूनही मूल खाईना तर पाठीत धपाटा घालीत. धपाट्याने मूल रडे, पण जेवत नसे. हे त्यांनीच मला सांगितले, आणि तरीही तीच रीत माझ्या हाती दिली. रीत अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

मी लग्न होऊन येलदरीला आले ती 1967 साली. आमच्या घरचे धरणाच्या कामावर कारकून होते. पूर्णा नदीवरचे हे धरण 1968 साली पुरे झाले. पायथ्याशी 22.5 मेगावॉटचे वीजघर आले. वसाहतीत तेव्हा नाना ठिकाणची माणसे होती. कोणाच्या घरी भात, कोणाच्या घरी पोळी. आमच्याकडे मात्र दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, वरण नाहीतर पिठले, आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी. अंबाडीची भाजी निघाली की तिच्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणीची फोडणी.

त्याच सुमारास संकरित ज्वारी, जिला आपण सगळ्याजणी ‘हायब्रीड’ म्हणतो, ती शेतात आली होती. तिचे पहिले वाण 1964 साली देशात प्रसारित झाले. उतारा भरपूर, पण खरिपात पावसात सापडली की दाणा काळा पडे, आणि चव तर आमच्या सासूबाईंना मुळीच मान्य नव्हती. त्या हायब्रीडच्या भाकरीचा एक तुकडा मोडीत, तोंडात घोळवीत आणि म्हणत, “हिला काही गोडीच नाही.” त्यांच्यासाठी रब्बीची मालदांडी वेगळी दळून ठेवावी लागे. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते, की मोठ्या माणसाने अन्न नाकारले तर आपण त्याला चोखंदळ म्हणतो आणि लहानाने नाकारले तर नखरेल म्हणतो. जीभ तर दोघांनाही असते.

1969 साली माझा थोरला झाला. दीड वर्षाचा होईपर्यंत तो हाती येईल ते तोंडात घाली. दोन वर्षांचा झाला आणि एकदम पालटला. काल खाल्लेली भाजी आज नको. वरणात जिऱ्याचा दाणा दिसला तर वाटी नको. पिठल्यात मिरचीचा तुकडा दिसला तर ताटच नको. मी कंटाळून जाई, पण घरात ज्वारी होती, दूध होते, गूळ होता. एक नाही तर दुसरे खाई आणि दिवस निभावे.

मग 1972 चा दुष्काळ आला.

तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगावयास नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळावयाचा नाही. पाऊस त्याआधीच्या सालीही कमीच झाला होता, त्या वर्षी त्याने पाठच फिरवली. धरण आपल्या उशाशी, म्हणून येलदरीला काय कमी, असे बाहेरच्या माणसास वाटे. परंतु धरणाचे पाणी खाली सिद्धेश्वरकडे जाते आणि तेथून कालव्यांनी पुढच्या शेतांना मिळते. वरच्या अंगाची शेते तेव्हा आभाळाकडेच डोळे लावून होती. ज्वारी पिकली नाही. पेवे केव्हाच रिकामी झाली होती. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळू लागली. तिचे नाव मिलो.

मिलोही ज्वारीच्याच जातीची. परंतु तिकडे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात, आणि ही गोष्ट कशी कोण जाणे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली होती. ‘गुरांचे अन्न माणसांना’ असे लोक म्हणत आणि तेच दळून नेत. पीठ तांबूस. त्याला विरी म्हणून नसे. काठवटीत कितीही मळा, थापावयास घेतले की कडेने फाटे. उकळत्या पाण्यात उकड काढून थापावे तेव्हा कशीबशी तव्यापर्यंत जाई. भाजून निघाली की घट्ट आणि कोरडी, गार झाली की चामड्यासारखी. तिला एक वेगळाच वास असे. तो वास आठवला की आजही माझा घास हातात थांबतो. त्या वर्षी एकटी लेकरेच नव्हे, सगळी मोठी माणसेसुद्धा नखरेल झाली होती. फरक एवढाच, की मोठी माणसे डोळे मिटून गिळत, आणि लेकरांना डोळे मिटून गिळावयास अजून कोणी शिकवले नव्हते.

ते शिकवण्याचे काम मी हाती घेतले.

हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहावयाचे तर पुरते लिहावे. थोरला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. मिलोची भाकरी पाहिली की तो दोन्ही हातांनी तोंड झाकून घेई. दूध नव्हते, कारण चाऱ्यावाचून गाईगुरे छावणीला नाहीतर बाजाराला गेली होती. गूळ महाग. मला भीती होती ती अशी, की हे मूल ह्या वर्षातून निभावणार कसे? त्याच्या बरगड्या मोजता येत. भीतीचा राग होतो, हे मला तेव्हा कळत नव्हते. मी पहिल्यांदा गोंजारले, मग चिऊ-काऊ केले, मग धाक घातला. एके दिवशी त्याला मांडीत धरून, नाक दाबून, पाण्यात कालवलेला घास तोंडात कोंबला. त्याने तो गिळला आणि दुसऱ्याच क्षणी सगळे बाहेर काढले. सासूबाई कोपऱ्यात बसून रडू लागल्या. त्या पोरासाठी रडत होत्या की सांडलेल्या अन्नासाठी, हे मी त्यांना कधी विचारले नाही. असे मी एकदाच केले असे म्हणावे, अशी फार इच्छा आहे. पण तसे नाही. पाच-सहा दिवस केले. त्यानंतर तो साधी भाकरी थापण्याचा आवाज झाला तरी घराबाहेर जाई.

त्या वर्षी सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली होती. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसे ह्या कामांवर होती. ह्याच अनुभवातून आणि वि. स. पागे ह्यांच्या ध्यासातून रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे 1977 साली तिचा कायदा झाला. कामे म्हणजे रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणे. कामावर मजुरांना आणि लेकरांना सुकडी मिळे, ती भरड पिठाची, गोडसर आणि कोरडी. आमच्या घरच्यांची नेमणूक तेव्हा जिंतूरच्या बाजूला एका रस्त्याच्या कामावर हजेरी मांडण्यासाठी झाली होती. एके दिवशी ते डबा विसरून गेले. मी थोरल्याला कडेवर घेतले आणि मिळेल त्या गाडीने डबा पोचवावयास निघाले.

पोचले तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. खडीच्या ढिगाआड एका बाभळीच्या तोकड्या सावलीत आठ-दहा बायका लेकरे घेऊन बसल्या होत्या. फडकी सुटली होती. भाकरी तीच, मिलोची. बरोबर लाल मिरचीचा ठेचा आणि एक-दोघींकडे कांदा. त्यांनी मला बसावयास जागा दिली. मी बसले आणि बाईमाणसांच्या बोलण्यात गुंतले. थोड्या वेळाने पाहते तो माझा मुलगा माझ्याजवळ नाही. तो त्या लेकरांच्या गोलात जाऊन बसला होता आणि त्याच्या हातात मिलोच्या भाकरीचा तुकडा होता. शेजारची पोरगी जसा तुकडा मोडी तसा तो मोडी. ती चावी तसा तो चावी. मी उठू लागले तेव्हा त्या लेकरांच्या आईने मला हाताने खाली बसवले.

“बसा बाई. बगू नका त्याच्याकडं.”

मी म्हणाले, “मावशी, घरी तो ही भाकरी तोंडात घेत नाही हो.”

तिने विचारले, “घरी तुमी कवा जेवता?”

मी म्हणाले, “सगळ्यांचे झाल्यावर.”

तर ती म्हणाली, “मंग लेकराला कसं कळावं की ही खायाची चीज हाय म्हून? तुमी वाढून बगत बसता. आसं कुनी तोंडाकडं बगत बसलं तर तुमच्या तरी गळ्याखाली घास उतरंल का?”

मी गप्प बसले. त्या बाईच्या फडक्यात तीन भाकरी होत्या आणि खाणारी तोंडे चार. त्यातली चतकोर भाकरी माझ्या मुलाने खाल्ली, हे मला पुढे ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी घरच्यांबरोबर मी तिच्यासाठी गूळ आणि शेंगदाण्याची चटणी पाठविली. चतकोर भाकरीची फेड गुळाने होते असे मला वाटत नाही. तिचे नावही मी विचारले नव्हते. शेवटी हजेरीपटातल्या शेकडो नावांपैकी ते एक.

त्या बाईचे म्हणणे मी घरी येऊन पुन्हा पुन्हा मनात घोळवले. आपल्या घरांची रीत कशी होती? आधी पुरुषांची पंगत, बरोबर किंवा मागून मुले, आणि सगळ्यात शेवटी, भांडी तळाला गेल्यावर, बायका. म्हणजे ज्या बाईने अन्न रांधले तिला खाताना तिच्या मुलाने कधी पाहिलेलेच नसे. मूल एकटे जेवे आणि आई पहाऱ्यावर बसे. कामावर ती रीत मोडली, कारण तेथे सुट्टी एकच, फडके एकच आणि सावलीही एकच. दुष्काळाने आमच्यापासून पुष्कळ काही नेले, पण आई-लेकरांना एका पंक्तीला बसविले, हेही मला सांगितलेच पाहिजे. लेकरे हुरडा आनंदाने खातात आणि लग्नाच्या पंगतीत पानावरचे सगळे संपवतात, ह्याचे कारणही हेच असावे. तेथे सगळे खात असतात आणि त्यांच्या तोंडाकडे पाहावयास कोणालाही सवड नसते.

त्या दिवसापासून मी थोरल्याबरोबर जेवू लागले. सासूबाईंना आवडले नाही. सुनेने मुलांच्या पंगतीला बसावे हे त्यांच्या डोळ्यांना खुपे. दोन-तीन दिवस त्या बोलल्या नाहीत, मग एके रात्री आपले ताट घेऊन आमच्यात येऊन बसल्या. भाकरी मधे ठेवू लागलो. ज्याने त्याने आपापली मोडून घ्यावी. त्याने पहिले चार दिवस काही घेतले नाही. मीही काही बोलले नाही. हे ‘न बोलणे’ मला किती जड गेले म्हणून सांगू! पाचव्या दिवशी त्याने एक तुकडा घेतला, ठेच्याला टेकवला, चाटला आणि ठेवून दिला. आठवड्याभरात अर्धी चतकोर खाऊ लागला. मिलो त्याला कधीच आवडली नाही. आम्हांला तरी कोठे आवडली होती? परंतु त्याचे जेवण हे भांडण उरले नाही.

त्या मजूर बाईने जे सांगितले तेच शिकल्या-सवरल्या माणसांनी आपापल्या वाटेने शोधून काढले होते, हे मला फार उशिरा, वाचनात आल्यावर समजले. अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीणबाईंनी 1926 च्या सुमारास एक प्रयोग आरंभिला. नुकत्याच अंगावरून तोडलेल्या मुलांपुढे निरनिराळ्या साध्या पदार्थांच्या वाट्या मांडावयाच्या, आणि दाईने मुलाला काहीही सुचवावयाचे नाही, आग्रह करावयाचा नाही. मूल ज्याकडे हात करील तेच आणि तेवढेच द्यावयाचे. 1939 साली त्यांनी अशा पंधरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. प्रत्येक मुलाचे खाणे वेगळे, आज हे तर उद्या ते, पण सगळी मुले धडधाकट वाढली. एका मुडदूस झालेल्या मुलापुढे माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. तो बरा होईपर्यंत ते तेल आपण होऊन घेत असे. ह्यावरून ‘मुलाला हवे ते खाऊ द्यावे’ असा अर्थ पुष्कळांनी काढला. परंतु बाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे, की सगळी खुबी पदार्थांच्या यादीत होती. त्या वाट्यांत दूध, फळे, भाज्या, धान्ये, अंडी, मांस होते. साखर नव्हती, मिठाई नव्हती. काय मांडावयाचे हे मोठ्यांनी ठरविले होते. त्यांतले काय आणि किती खावयाचे, एवढेच मुलांवर सोपविले होते.

पुढे अमेरिकेतच लीन बर्च ह्यांनी 1980 नंतरच्या वर्षांत दाखवून दिले, की मुलाला नवा पदार्थ आवडावयास तो पुन्हा पुन्हा, आठ-दहा वेळा आणि कधी त्याहूनही अधिक वेळा, त्याच्यापुढे यावा लागतो. आपण दोन वेळा वाढतो आणि ‘आमच्या बाळाला हे आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळ्या होतो. दोन वर्षांच्या पुढे मुलाला नव्या अन्नाची भीती वाटू लागते हेही आता सर्वमान्य आहे. ते वाईट वळण नव्हे, ते वय आहे. चालता येऊ लागलेले मूल दिसेल ते पान-फळ तोंडात घालू लागले तर जगावे कसे? निसर्गानेच त्याला थोडे संशयी केले आहे.

आणि आपल्या घरचे उदाहरण सांगावयाचे तर ताराबाई मोडक ह्यांचे. मारिया मॉन्टेसरी ह्यांनी 1907 साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले. तेथे मुलेच टेबल मांडीत आणि मुलेच वाढीत. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर ही पद्धत आपल्याकडच्या मुलांना जुळवून घेतली आणि 1945 साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला, गोरगरिबांच्या लेकरांसाठी, हाताशी मिळतील त्या स्वस्त वस्तूंनी बालवाडी चालविली. पुढे अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर तेच काम वाढविले. मुलाच्या हाताला काम द्या, म्हणजे त्याचे मन त्या कामाला लागते, हा त्यांचा धडा स्वयंपाकघरातही खरा ठरतो. ज्या मुलाने शेंगा सोलल्या, ते मूल त्या शेंगांची भाजी निदान चाखून तरी पाहते.

दुष्काळ सरला. 1974 साली धाकटी झाली. ती माझ्या मांडीशेजारी बसून, माझ्या ताटातले चिमटीने उचलीत वाढली. तिच्यासाठी चिऊ-काऊला कधी बोलवावे लागले नाही. मात्र काळही तसाच राहिला नाही. पूर्णेच्या कालव्यांनी खालच्या अंगाला गहू, भुईमूग, केळी, ऊस आणला. आमच्या लहानपणी सणाला होणारी पोळी रोजची झाली, आणि भाकरी जुन्या माणसांपुरती उरली. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्र सरकारची शाळेतल्या आहाराची योजना निघाली. प्रथम मुलांना महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळे. 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजवून देण्याची सक्ती झाली. घरी मुगाच्या डाळीकडे न पाहणारी मुले शाळेच्या ओट्यावर रांगेने बसून तीच खिचडी चाटून-पुसून खातात, हे आपल्यापैकी खिचडी शिजविणाऱ्या भगिनींनी पुष्कळदा सांगितले आहे. त्यांच्या हाताला चव आहे हे खरेच. परंतु तेथेही पंगत आहे, हे विसरू नये.

भाकरीलाही पुन्हा मान येत आहे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ नावाचे ज्वारीचे वाण 2018 साली दिले. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक असते. 2023 हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून पाळले. ज्या भाकरीची आमच्या मुलांना शाळेच्या डब्यात लाज वाटे, ती आता शहरातल्या हॉटेलात पैसे मोजून खातात म्हणे. आनंदच आहे. परंतु धान्य कितीही गुणी असले तरी ते मुलाच्या पोटात जाण्याची वाट घरातूनच जाते.

माझा थोरला आता पंचावन्न उलटून गेला. गेल्या वर्षी मी त्याला विचारले, “तुला रे मिलोची भाकरी आठवते का?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “भाकरी नाही आठवत, आई. तुझा हात आठवतो.” मी काय बोलणार? त्याने लगेच विषय बदलला, आणि त्या रात्री माझ्या शेजारी पाट घेऊन बसला. मुले क्षमा करतात. पण विसरत नाहीत, हे तरुण आयांनी ध्यानात ठेवावे. मला भीती होती, म्हणून मी तसे वागले. आजच्या आईलाही भीतीच असते. वजन वाढत नाही, डॉक्टर काय म्हणतील, शेजारणीचे मूल दोन पोळ्या खाते. तेव्हा भीतीने हात पुढे केला, आज मोबाईल पुढे करते. मोबाईलने मूल रडत नाही एवढेच. आपण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले, हे त्यालाही तितकेच कळत नाही.

नातसुनेला मी उपदेश केला नाही. तिने विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, की राहिलेले चार दिवस आपण ह्याच्याबरोबर जेवू. मोबाईल फडताळात ठेवला. पहिल्या रात्री पणतवाने मोठा आकांत केला आणि तो जवळजवळ उपाशीच झोपला. ती मुलगी रडवेली झाली. मी तिला म्हणाले, “सकाळी भूक त्याच्या आधी उठेल.” दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे कणकेचा एक गोळा ठेवला आणि थोडे ज्वारीचे पीठ. त्याने दोन्हींची मोट बांधून काहीतरी थापले. ते मी तव्यावर भाजून मधल्या ताटात ठेवले. ते त्याने सगळ्यांना वाटले. आपण स्वतः मात्र खाल्ले नाही! तिसऱ्या दिवशी दहीभात आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चौथ्या दिवशी माझ्या ताटातली भाकरी नखाएवढी मोडून जिभेवर ठेवली, तोंड वाकडे केले आणि म्हणाला, “पणजी, ही खरखरीत आहे.”

मी म्हणाले, “आहेच मुळी.”

भाकरी त्याने खाल्ली असे मी लिहिणार नाही, कारण ती त्याने खाल्ली नाही. परंतु आठ-दहा वेळांपैकी एक वेळ झाली. बाकीच्या वेळा त्याच्या आईच्या हाती आहेत.

आपल्या मंडळापुढे एक विनंती ठेवते. हळदीकुंकवाला, भजनाला आपण जमतोच. महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी, की प्रत्येकीने घरचे साधे जेवण आणि घरची लेकरे घेऊन यावे, आणि एकाच गोलात बसून आयांनी व लेकरांनी जेवावे. कोणी कोणाला आग्रह करावयाचा नाही, कोणी कोणाच्या ताटाकडे पाहावयाचे नाही. खर्च काही नाही. त्या खडीच्या ढिगाआडच्या पंगतीला तरी कोठे होता?